वनमोती म्हणजे चारोळी

आष्टीच्या बसस्टँडवर चंद्रपूरहून आलेल्या तीन गाड्या एकामागं एक उभ्या होत्या. दोन दिवसांच्या झडीनं पुढचा नाला भरून वाहत होता आणि पाणी उतरल्याशिवाय मुलचेऱ्याकडं एकही गाडी सुटणार नाही, असं कंट्रोलरनं सांगून टाकलं होतं. लोकांनी पिशव्या पायाशी घेतल्या, चहा मागवला आणि बसून राहिले. अशा वेळी दुसरं करणार तरी काय…

रंजीता मडावी चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसली होती. मांडीवर चंद्रपूरहून आणलेल्या रिकाम्या पाकिटांचं गाठोडं. ते भिजू नये म्हणून ओढणी त्याच्यावर टाकलेली, आणि स्वतः एका बाजूनं ओली होत असलेली. टपरीच्या खांबावर एक पत्रक होतं. काल चंद्रपूरला जाताना तिनंच ते चिकटवलं होतं. ‘रानओटी – जंगलातून थेट आपल्या घरी.’ खाली मोबाइलनं स्कॅन करायचा चौकोन.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला तरुण उठला, खांबाजवळ गेला आणि त्यानं मोबाइल त्या चौकोनासमोर धरला.

रंजीता श्वास धरून बसली. तीन महिन्यांत तिनं अशी शंभर पत्रकं लावली असतील. पण ते स्कॅन करणारं माणूस ती आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होती.

तो परत येऊन बसला. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, पावसानं कपाळाला चिकटलेले केस. त्याच्या मोबाइलवर एक हरीण उडी मारायला लागलं. नेटवर्कची एकच काडी होती. हरीण अर्ध्या उडीत अडकलं ते अडकलंच.

“उतर ना बाप्पा खाली,” तो हरणाला म्हणाला.

रंजीतानं हसू गिळलं. हरीण एकदाचं उतरलं. त्यानं बोटानं पडदा वर-खाली केला, कपाळाला आठ्या घातल्या आणि शेजारी वळून विचारलं, “मॅडम, हे वनमोती का असते जी?”

“चारोळी.”

“चारोळी? मंग चारोळी लिवाले का झालं होतं? मी मोत्याची माळ समजून मागं फिरून राह्यलो होतो.” त्यानं पुन्हा पडद्यात डोकं घातलं. “माह्या बहिणीले पाह्यजे. नागपूरले राह्यते, घरी मिठाई करून विकते… हे पाहा, आता खातं उघडा म्हणते. पावभर चारोळीले खातं काऊन पाह्यजे? अन् किंमत कुठी हाय?”

“ती शेवटी दिसते.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. “तुमाले कसं ठाऊक?”

“घेतली होती एकदा,” रंजीता म्हणाली आणि पाकिटांच्या गाठोड्याकडं पाहू लागली.

मग पासवर्ड झाला. त्यात एक मोठं अक्षर पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे. मग पत्ता झाला. मग राज्य निवडायची यादी आली आणि ती महाराष्ट्रापर्यंत घसरेचना. शेवटी पान पांढरं पडलं. तरुणानं मोबाइल खिशात टाकला आणि चहावाल्याकडं हात केला. झालं. गिऱ्हाईक आलं होतं, घेणार होतं, आणि रंजीताच्या डोळ्यांदेखत निघून गेलं होतं.

“हे दुकान ज्यानं कोणी बनवलं नं,” चहा फुंकत तो म्हणाला, “त्याले एक दिवस माह्या केंद्रात आणून बसवलं पाह्यजे. मुलचेऱ्याले तहसीलसमोर माह्यं ऑनलाइन केंद्र हाय. दिवसभर लोकांचे फॉर्म भरतो मी. माणूस कुठी अडकते ते मले त्याच्या तोंडावरून समजते.”

“येईन मी.”

“तुमी काऊन?”

“मीच बनवलं ते.”

त्यानं चहाचा कप बाकावर ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो हळूच म्हणाला, “हरीण… हरीण चांगलं हाय तसं.”

नाल्याचं पाणी दुपारी उतरलं. गाडीत दोघांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. पण मुलचेऱ्यात उतरताना त्यानं तिला आपलं नाव सांगितलं. मिथुन. गाव चामोर्शीकडं, वैनगंगेच्या काठावर. आईवडील मासेमारी करणारे. आणि म्हणाला, “बुधवारी या जी. बुधवारी जरा गर्दी कमी राह्यते.”

बुधवारी ती गेली.

तिला जाणं भागच होतं. मुलचेऱ्यापासून नऊ किलोमीटर आत, गोटाटोल्यात तिच्या घराच्या मागच्या खोलीत आठ डबे चारोळी बंद करून ठेवलेली होती. वैशाखात गावातल्या बारा बायकांनी जंगलात फिरून चार, म्हणजे चारोळीची फळं, वेचली होती, भिजवून, चोळून, वाळवून जात्यावर फोडली होती. रंजीताची आई मंगली त्यांतलीच एक. दरवर्षी हा माल व्यापारी घेऊन जायचा, तो म्हणेल त्या भावानं. यंदा रंजीतानं बायकांना थांबवलं. ती बीएस्सी झालेली, गडचिरोलीला एक प्रशिक्षण करून आलेली. “आपलं दुकान काढू, मोबाइलवर,” असं तिनं सांगितलं, आणि बायकांनी तिच्यावर भरवसा ठेवला. आता भादवा तोंडावर आला होता. चारोळी फार दिवस ठेवली की खवट होते. बायकांच्या गटाच्या अध्यक्ष गुणाबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, “कोजागिरीपर्यंत पाहू वो बाई. नाई गेली तं व्यापाऱ्याले देऊ. अन् पुढच्या साली हे मोबाइलचं बंद.”

मिथुनचं केंद्र म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि करकरणारा पंखा. त्यानं तिला भिंतीजवळचं स्टूल दिलं आणि एकच अट घातली.

“बोलायचं नाई.”

“म्हणजे?”

“मी लोकाइले तुह्यं… तुमचं दुकान उघडून देतो. म्हणतो, पावभर चारोळी घेऊन दाखवा. तुमी नुस्तं पाहायचं. तोंड उघडलं तं सगळ्याइले चहा पाजायचा.”

पहिल्या तासाला रंजीतानं तीनदा चहा पाजला.

तिला राहवेचना. निवृत्त मास्तर गुणवंतराव पेन्शनच्या कामाला आले होते. चष्मा वर-खाली करत ते पडद्यावर बोट फिरवत होते. “हे हरीण मधातच उभं हाय बा,” ते म्हणाले. रंजीता उसळून म्हणाली, “थांबा ना सर, जाते ते!” मिथुननं शांतपणे बोट वर केलं… एक चहा. मास्तरांना पाकीट केवढं ते फोटोवरून समजेना. पाठीमागं बीएडच्या फॉर्मसाठी उभ्या असलेल्या मुलीनं किंमत दिसेपर्यंत वाट पाहिली नाही. एका ट्रॅक्टरवाल्यानं पासवर्डच्या पानावरच मोबाइल परत केला आणि म्हणाला, “बँकेत खातं उघडाले एवढं नाई लागत.”

संध्याकाळी पाच वाजता सगळे गेले तेव्हा रंजीताचा चेहरा उतरला होता. वहीत तिनं दोन पानं भरून लिहिलं होतं.

“राग आला?” मिथुननं विचारलं.

“तुमच्यावर नाई.”

“मंग?”

“वनमोती हे नाव मी एक रात्रभर जागून काढलं होतं,” ती म्हणाली. “आमच्या गावात बाया चार वेचाले जाते तवा सकाळचं कोवळं ऊन राह्यते. हातात ते दाणे असे चमकते… मले वाटलं, लोकाइले ते दिसंल.”

त्यानं तिच्या वहीतली ती दोन पानं उलटून पाहिली. मग त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली. “नाव सुंदर हाय. पण ज्याले बसुंदी करायची हाय, तो मोबाइलमंधी का लिवते? चारोळी लिवते. नागपूरवाला चिरोंजी लिवते. वनमोती लिवणारी जगात तुमी एकटीच.” मग घाईनं पुढं म्हणाला, “आता मी पण हाय म्हणा. दोघं.”

तिला हसू आलं.

पुढचे तीन आठवडे दर बुधवारी ती केंद्रात येत राहिली. हरीण गेलं. खातं उघडायची सक्ती गेली. किंमत फोटोच्या खाली पहिल्याच ओळीत आली. पाकीट केवढं ते कळावं म्हणून मंगलीनं ते हातात धरलं आणि रंजीतानं तसा फोटो काढला. पत्त्याला पिन कोड टाकला की राज्य आपोआप यायला लागलं. प्रत्येक पानावर फोन नंबर आला, पार्सल पोस्टानं किती दिवसांत पोहोचेल तेही आलं. वर ठळक अक्षरांत ‘चारोळी (चिरोंजी)’ असं साधं नाव, आणि तेच मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. फोटोंना आधी नुसते आकडे होते, त्यांनाही नावं दिली.

“आता खाली लिवा,” मिथुन म्हणाला. “चारोळी कशी काढते ते. जसं तुमी मले सांगितलं तसंच. दुकानाच्या भाषेत नको.”

रंजीतानं लिहिलं. जात्याचा वरचा दगड किती सैल ठेवायचा, म्हणजे कवच फुटतं पण दाणा फुटत नाही. फांदी तोडायची नाही, वाकवायची. खवट दाणा वासानं कसा ओळखायचा, घरी डब्यात कसा टिकवायचा. लिहिताना ती जिभेचं टोक दातात धरायची. मिथुन प्रिंटरमध्ये कागद भरायचं निमित्त करून ते पाहायचा. एकदा त्यानं उलटे कागद भरले आणि एका माणसाचा उत्पन्नाचा दाखला दुसऱ्याच्या सातबाऱ्याच्या पाठीवर छापून गेला.

“ध्यान कुठी हाय तुमचं, मिथुनभाऊ?” ती न बघता म्हणाली.

“कामात.”

“कोणाच्या?”

त्यानं कागद काढून पुन्हा सुलट भरले. पण दुसऱ्या बुधवारी तिच्या स्टुलाच्या जागी खुर्ची होती, आणि पंख्याचं तोंड तिकडं वळवलेलं होतं.

गोटाटोल्यात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर यायचं. रोज चारच्या सुमाराला रंजीता पाळीवर चढायची, नवं पान चढवायची आणि मिथुनला फोन करायची.

“उघडलं का?”

“उघडून राह्यलं… थांबा… उघडलं.”

“कसं दिसते?”

“छान दिसते.”

“पान की फोटो?”

“फोटोत मंगलीबाईचा हात हाय, अन् मागं कोणाची तरी ओढणी. ओढणी छान दिसते.”

पान उघडायला दोन मिनिटं लागायची, फोन अर्धा तास चालायचा. खाली तलावावर बगळे उतरायचे, चरायला गेलेल्या म्हशी पाळीवरून परत यायच्या, आणि रंजीता त्यांना वाट देत, फोन कानाला लावून, एका पायावर उभी असायची. एक दिवस फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “बरं, ठेवते मिथुन.” पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

“का झालं?” तिनं विचारलं.

“काई नाई,” तो म्हणाला. “भाऊ गळालं कुठीतरी. शोधू नको.”

सगळं झालं, पण ऑर्डर येईना. मिथुननं सांगितलं होतं की शोधणाऱ्यांच्या नजरेत यायला महिना-दीड महिना जातो, नव्या पानाची ओळख व्हावी लागते. रंजीताला ते समजत होतं. पण पोळा झाला, गणपती गेले, पितृपक्ष लागला. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोजागिरीला गोल केला होता, आणि बोलता बोलता ती रोज उरलेले दिवस सांगायची. मिथुन ऐकून घ्यायचा.

आणि मग एका आठवड्यात अचानक ऑर्डरी आल्या. एक, दोन… सहा! रंजीतानं पाळीवर उभं राहूनच आईला हाका मारल्या. दुकानाच्या पानाखाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय आले होते, एकूण अकरा, प्रत्येकाला पाच तारे. घरी येऊन ती ते मोठ्यानं वाचायला लागली. बायका जमल्या.

“दादर, मुंबईच्या शलाका लिवतात…” रंजीतानं वाचलं. “‘चारोळी मले लय पसंत आली. बसुंदीत टाकून पाह्यली. घरचे म्हणून राह्यले, आणखी मागव.’”

बायका खूश झाल्या. मंगली म्हणाली, “दादरची बाई आपल्यासारखीच बोलते वो.”

रंजीताचं वाचणं तिथंच थांबलं. तिनं पुढचा अभिप्राय मनातल्या मनात वाचला. ठाण्याचे कोणी साहेब ‘काऊन का दाणा मोठा हाय’ असं लिहीत होते. त्या अकरापैकी एकालाही तिनं कधी पार्सल पाठवलेलं नव्हतं. आनंदात ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार नव्हता. तरी ती पहिल्या गाडीनं मुलचेऱ्याला गेली. केंद्रात दोन माणसं होती. ती जाईपर्यंत रंजीता दारातच उभी राहिली. मग आत आली.

“शलाका कोण हाय?”

मिथुननं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. “मी.”

“अन् बाकीचे?”

“मीच.” त्यानं माऊस उगाच इकडून तिकडं सरकवला. “तू रोज दिवस मोजून राह्यली होती, रंजीता. मले ऐकवत नोहतं. वाटलं, दहा-बारा लोकाइनं चांगलं लिवलेलं दिसलं तं पुढचा भरवसा ठेवंल. सगळेच करते असं.”

“सगळे करत असतील.” तिचा आवाज चढला नाही, पण पातळ झाला. “आमच्या बायाइनं आठ डब्यातला एकेक दाणा हुंगून पाह्यला. खवट निघाला तं बाजूला टाकला. एकीनंही तो लपवून पाकिटात नाई घातला. अन् वरून आपण खोट्या तोंडानं बोलून राह्यलो? ते सहा लोक तुह्या शलाकाले पाहून आले, आमच्या चारोळीले पाहून नाई.”

“चूक झाली…”

“सरक.”

तो खुर्चीवरून उठला. ती बसली. तिनं अकराही अभिप्राय त्याच्यासमोर काढून टाकले, वाचतही न बसता. मग त्या सहा गिऱ्हाइकांना एकेक निरोप लिहिला: दुकानाच्या पानावरचे अभिप्राय खऱ्या गिऱ्हाइकांचे नव्हते, ते काढले आहेत, आपल्याला ऑर्डर रद्द करायची असल्यास कळवा, माफ करा. शेवटी तिनं पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड दिसू नये म्हणून मिथुन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

“चहा तरी…” तो म्हणाला.

ती निघून गेली.

सहापैकी दोघांनी ऑर्डर रद्द केली. तिघांनी काही कळवलंच नाही, म्हणजे त्यांचं पार्सल गेलं. सहाव्या होत्या अमरावतीच्या नूतन देशमुख. त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, “खोटं लिहिणारे पुष्कळ पाहिले, खोटं होतं असं सांगणारी तूच पहिली. माझं पाकीट पाठव. चांगलं नसेल तर तसंच लिहीन बरं.” रंजीता म्हणाली, “तसंच लिवा ताई.”

पण रद्द करणाऱ्यांपैकी मुंबईचे एक गृहस्थ चिडले. त्यांनी गटाच्या नंबरावर, म्हणजे गुणाबाईंच्या घरी, फोन करून चांगलंच सुनावलं. तुम्ही आदिवासींच्या नावानं फसवता, असंही म्हणाले. ते ऐकून गुणाबाईंनी बायकांना बोलावलं. रविवारी सकाळी रंजीताच्या अंगणात सगळ्या बसल्या. रंजीताचे वडील लच्छू कडेला बसून बांबूच्या कांबी सोलत होते.

“बोल वो बाई,” गुणाबाई म्हणाल्या. “आपलं नाव खराब काऊन झालं?”

रंजीतानं तोंड उघडलं. मिथुनचं नाव घ्यावं तर ते बरोबर होतं. आणि तरी जिभेवर येईना. दुकान माझं होतं, पासवर्ड मी दिला, असं काहीतरी ती म्हणायला लागली…

तेवढ्यात कुंपणाशी मोटरसायकल थांबली. चाकं चिखलानं भरलेली होती. मिथुन उतरला आणि चपला बाहेर काढून सरळ अंगणात आला. त्या चिडलेल्या गृहस्थांनी केंद्राच्या नंबरावरही फोन केला होता. दुकानाच्या पानावर तोही नंबर होता. गावात बैठक आहे हे त्याला पोस्टमननं सांगितलं होतं.

“नमस्कार जी,” तो हात जोडून म्हणाला. “ते खोटं मी लिवलं. रंजीताले ठाऊक नोहतं. तिनं पाह्यलं तवा लगेच काढून टाकलं, अन् मले दोन शब्द ऐकवले. बरोबर ऐकवले. त्या मुंबईवाल्या साहेबाले मी फोन करून सांगितलं का दोष माहा हाय. तुमाले तोंडावर सांगाव म्हणून आलो.”

बारा बायका त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहत होत्या. रंजीता मात्र त्याच्याकडं पाहत नव्हती. ती त्याच्या चिखलानं भरलेल्या पॅन्टकडं पाहत होती. नऊ किलोमीटरात तीन नाले होते.

“दिवसभर दुसरं काम हाय का तुले?” गुणाबाईंनी शेवटी विचारलं.

“नाई.”

“मंग बस. सूप घे. चार निवड.”

तो बसला. एक डबा उघडून बायकांनी त्याच्यासमोर चारोळी ओतली. दाणा पाहायचा, वास घ्यायचा, चांगला इकडं, डागी तिकडं. पहिल्या अर्ध्या तासातच त्याचे डोळे चुरचुरले. बायका हसत होत्या. एक म्हणाली, “ठाण्याच्या साहेबाले जमत नाई वाटते.” दुसरी म्हणाली, “शलाकाबाई, नीट बसा.” मिथुन सगळं ऐकून घेत होता आणि दाणे हुंगून पाहत होता. दुपारी बायका जेवायला उठल्या. तो उठला नाही. रंजीतानं त्याच्यापुढं भाकरीचं ताट ठेवलं आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसली.

“अकरा खोट्याइत एक तरी खरं होतं का?” तिनं विचारलं.

“होतं ना. शेवटचं.”

“मी वाचलंच नाई ते.”

“ठाऊक हाय. मी पाहूनच राह्यलो होतो. तुह्यं बोट सरळ ‘काढून टाका’वर गेलं.”

“का होतं त्यात?”

“आता कुठी आठवते…”

“आठव.”

त्यानं हातातला दाणा सुपात टाकला. “लिवलं होतं… ‘चारोळी मी अजून खाल्ली नाई. पण दुकान चालवणारी बाई रोज चार वाजता फोन करते. तिचा आवाज आला का दिवस बरा जाते. नाई आला तं फॉर्ममंधी चुका होते.’”

रंजीतानं मान खाली घातली. बोटं निवडत राहिली, पण चांगले दाणे कुठं आणि डागी कुठं चालले आहेत ते तिला दिसत नव्हतं.

“किती तारे दिले होते?” तिनं हळूच विचारलं.

“पाचच देता येते,” मिथुन म्हणाला. “त्याच्यावर सोयच नाई.”

“खराब दुकान हाय मग.”

“हो ना. बनवणारीले सांगतो.”

मग ती हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. आणि न पाहता तिनं भाकरीचं ताट त्याच्याकडं सरकवलं. “जेव आधी. उद्या चार वाजता फोन करते.”

नवरात्र लागलं तेव्हा पान शोधात वर यायला लागलं. ज्या दिवशी पुण्याच्या एका बाईनं ‘चारोळी खवट झाली कशी ओळखावी’ असं शोधून रानओटीचं पान गाठलं, वाचलं आणि अर्धा किलो मागवली, त्या दिवशी मिथुननं मोबाइलवरून ओरडून सांगितलं, “तुह्या लिवण्यानं आली ही! वासाच्या ओळीनं!” नूतन देशमुखांनी चार ओळींचा अभिप्राय लिहिला, दाणा चांगला आहे, पाकिटाचं तोंड मात्र नीट बंद होत नाही. त्यांनी चारच तारे दिले. रंजीतानं तो सगळ्यात वर ठेवला आणि पाकिटं बदलली. रीता, म्हणजे मिथुनची नागपूरची बहीण, तिनं स्वतःसाठी मागवली आणि मग तिच्या ओळखीच्या तीन मिठाईवाल्या बायकांनी मागवली. पोस्टमन दिवसाआड गावात यायला लागला.

कोजागिरीपर्यंत आठांतले पाच डबे गेले. तीन उरले. गुणाबाईंनी ते व्यापाऱ्याला दिले, कारण ठरलं ते ठरलं. पण देताना त्याला भाव त्यांनी सांगितला, त्यानं नाही. आणि दुकान बंद करायचं कोणी नावही काढलं नाही. उलट एका बाईनं विचारलं, “मोहाचे लाडू टाकता येते का वो त्याच्यावर?”

दिवाळीनंतरच्या रविवारी मिथुनचे आईवडील गोटाटोल्यात आले. मनसाराम आणि गोकुळा, दोघं कधी जंगलाच्या एवढं आत आलेले नव्हते. गोकुळाबाईंच्या डोक्यावरच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली वैनगंगेची मासळी होती. मंगलीनं पाणी दिलं. चटया टाकल्या. मनसारामनं दोनदा घसा खाकरला आणि लग्नाचा विषय काढला. जात वेगळी आहे, रीत वेगळी आहे, देव वेगळे आहेत, हे सगळं त्यांनी आपणच सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, “पण पोरगा दुसरं ऐकत नाई. तुमचं का म्हणणं हाय लच्छूभाऊ?”

लच्छू कमी बोलणारा माणूस. तो बराच वेळ हातातली कांब सोलत राहिला. रंजीता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चौकटीची कड पाठीला रुतत होती तरी ती हलली नाही. मिथुन अंगणात उभा होता आणि त्याला बसायचं सुचलं नव्हतं.

“आमच्यात जुन्या काळी एक रीत होती,” लच्छू म्हणाला. “पोरीले मागणी घालायची तं पोरानं आधी तिच्या बापाच्या घरी येऊन राहाव. काम कराव. नांगर धराव, लाकडं आणाव. दोन साल, तीन साल. मंग लगन.”

मनसारामच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “तीन साल…”

“ह्यानं पोळ्यापासून केलं,” लच्छू पुढं म्हणाला. “चूक केली, ती सांगाले तीन नाले ओलांडून आला. बायाइनं बसवलं तं दिवसभर चार निवडली, उठला नाई. मी इथीच बसून पाहत होतो.” त्यानं कांब खाली ठेवली. “माह्या हिशेबानं झालं.”

गोकुळाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मंगली उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मनसाराम काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मले कोणी विचारलंच नाई.”

सगळे वळले. लच्छूच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. “विचार बा तिले,” तो मिथुनला म्हणाला.

मिथुन दोन पावलं पुढं आला. रोज शंभर माणसांना नाव, गाव, जन्मतारीख विचारणारा तो. आता स्वतः एका प्रश्नाशी अडकला होता. “रंजीता… तू… माह्यासंग…”

“मी गाव नाई सोडणार,” ती म्हणाली. “बाया इथी हाय, जंगल इथी हाय. मी मुलचेऱ्याच्या खोलीत बसून चारोळी नाई विकणार.”

“नको ना सोडू. मी येतो इथी. केंद्र दहाले उघडते, पाचले बंद होते. नऊ किलोमीटर तं हाय.”

“पावसाळ्यात तीन नाले हाय.”

“ओलांडले ना एकदा.”

“रोज ओलांडशील?”

“रोज,” तो म्हणाला. “पाणी जास्त असलं तं फोन करीन. पण येईन.”

रंजीतानं त्याच्याकडं सरळ पाहिलं. अंगणात सगळे थांबून राहिले होते. गोकुळाबाईंचा पदर तोंडाशी होता, आणि कुंपणापलीकडं गुणाबाई कधीपासून उभ्या होत्या ते कोणाला ठाऊक नव्हतं.

“ये मग,” ती म्हणाली.

लच्छूनं मासळीची टोपली उचलून मंगलीच्या हातात दिली आणि पाहुण्यांना म्हणाला, “आता जेवूनच जा.”